घंटामनोरा चढायचाय? सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि जरा लांबलेली उत्तरं

ओळखीतलं कोणी फिरायला निघालं आणि त्या गावात एखादा जुना बेल टॉवर असला की मला मेसेज येतोच, कारण असले मनोरे चढायचं मला वेड आहे हे सगळ्यांना माहितीये. प्रश्न तेच तेच असतात, किती पायऱ्या, गुडघ्यांना झेपेल का, वर काय दिसतं, म्हणून सगळं एकदाच लिहून काढलंय. क्रम वगैरे काही नाही, जसं आठवलं तसं.

किती पायऱ्या असतात? मला जमेल का?

मनोऱ्यावर आहे. बेल्जियममधल्या ब्रूजच्या बेलफ्रीला (म्हणजे शहराच्या घंटामनोऱ्याला) ३६६, फ्लॉरेन्सच्या जोत्तोच्या कॅम्पनिलेला (इटलीत घंटामनोऱ्याला कॅम्पनिले म्हणतात, आणि जोत्तो हा तो सुरू करणारा चित्रकार) ४१४, नेदरलँड्समधल्या उत्रेख्तच्या डोम टॉवरला ४६५, जर्मनीतल्या कलोन कॅथेड्रलच्या दक्षिण टॉवरला ५३३, आणि तिथल्याच उल्मच्या चर्चच्या मनोऱ्याला तर पार वरपर्यंत ७६८. आकडा ऐकून घाबरू नका पण हलक्यातही घेऊ नका. साधा हिशोब असा की नेहमीच्या बिल्डिंगमध्ये एका मजल्याला १७-१८ पायऱ्या धरल्या तर ४१४ म्हणजे २३-२४ मजले होतात. लिफ्ट बंद पडल्यावर पाचव्या मजल्यापर्यंत चढताना तुमचं काय होतं ते आठवा आणि त्याला पाचने गुणा, बस, एवढीच टेस्ट.

पण नुसत्या आकड्यापेक्षा मधे थांबायला जागा आहे का हे जास्त महत्त्वाचं. फ्लॉरेन्सला मधे मधे मजले आहेत, तिथे भिंतीला टेकून, खाली बघायचं नाटक करत धाप उतरवता येते. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफनच्या दक्षिण टॉवरला पायऱ्या कमी आहेत, ३४३ च, पण तो एकच अरुंद गोल जिना गरागरा वर जातो आणि त्यात माझ्यासारखीची दमछाक ४१४ पेक्षा जास्त होते. सुरुवातीला जोशात धावू नका एवढं पाळा. पहिल्या शंभर पायऱ्या कंटाळा येईल इतक्या सावकाश चढा, म्हणजे शेवटच्या शंभर चढता येतात. पहिल्याच वळणावर आम्हाला ओव्हरटेक करून गेलेली पोरं दोनशेव्या पायरीच्या आसपास भिंतीला चिकटून उभी असतात, हे मी दर वेळी बघते, आणि खोटं कशाला बोलू, बघून बरं वाटतं.

लिफ्ट नसते का हो?

काही ठिकाणी असते. व्हेनिसच्या सेंट मार्कच्या मनोऱ्यात आहे, गेंटच्या बेलफ्रीत आहे, व्हिएन्नात दक्षिण टॉवरला नाही पण उत्तर टॉवरला आहे. बहुतेक ठिकाणी मात्र नसते आणि बसवणंही सोपं नसतं, कारण जिना बऱ्याचदा भिंतीच्या जाडीतच कोरल्यासारखा असतो आणि मधली पोकळी घंटेचे दोर, घड्याळाची वजनं आणि घंटा वर ओढून घ्यायला ठेवलेली असते.

गुडघे कुरकुरत असतील तर स्पेनमधल्या सेव्हियाचा हिराल्दा हा मनोरा लक्षात ठेवा. तिथे जवळजवळ पायऱ्याच नाहीत, ३५ उतार आहेत, एकामागून एक वळत वर जाणारे रॅम्प. तो मुळात १२ व्या शतकात बांधलेला मशिदीचा मिनार, आणि अजान द्यायला जाणाऱ्याला घोड्यावर बसून वर जाता यावं म्हणून उतार केले असं सांगतात. १६ व्या शतकात त्याच्या डोक्यावर घंटांचा मजला चढवला. अगदी शेवटी थोड्या पायऱ्या लागतात, बाकी चालत चालत, गप्पा मारत वर पोचता. उंची तशी शंभर मीटरच्या वर आहे पण कळत नाही.

गुडघ्यांना चढणं वाईट की उतरणं?

उतरणं. सगळे चढायचंच टेन्शन घेतात. चढताना धाप लागते, छाती धडधडते, पण थांबलात की ते शांत होतं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि तसा ताण पडला की दुखणं लगेच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. म्हणून टॉवरच्या दुसऱ्या दिवशी पायऱ्यापायऱ्यांचं दुसरं काही ठेवू नका. उतरताना पायरीच्या रुंद बाजूने चाला, दोर किंवा रेलिंग असेल तर धरा, पाऊल तिरकं ठेवा. जुन्या दगडी पायऱ्या मधोमध झिजून खोलगट होतात, शेकडो वर्षं सगळ्यांनी तिथेच पाय ठेवलाय ना, त्या खोलगट भागावर पाणी असेल तर साबणावर पाय दिल्यासारखं होतं. आणि दोन-तीनशे पायऱ्या एकाच दिशेला गोल उतरून खाली सपाट जमिनीवर आलात की थोडं गरगरतं, मिनिटभर उभे राहा, लगेच रस्ता क्रॉस करायला जाऊ नका.

गोल जिन्यात समोरून कोणी आलं तर?

अहो हाच तर खरा खेळ आहे. काही मनोऱ्यांत चढायचा आणि उतरायचा जिना वेगळा असतो, काही ठिकाणी ठरावीक लोकांनाच एका वेळी आत सोडतात, पण बऱ्याच ठिकाणी एकच जिना, तोच चढायचा तोच उतरायचा. कोणी कोणाला वाट द्यायची याचा पक्का नियम कुठे लिहिलेला नसतो. माझं मत असं की रुंद बाजू उतरणाऱ्याला द्यावी, कारण आतल्या खांबाजवळ पायरी एवढी निमुळती होते की टाचसुद्धा मावत नाही, आणि उतरताना तिथे पाय ठेवणं जास्त धोक्याचं. चढणाऱ्याने आत सरकून खांबाला चिकटून दोन श्वास घ्यावेत, तेवढीच विश्रांती.

आवाज द्यायला लाजू नका. वरून पावलं ऐकू आली की खालूनच "येतोय" म्हणून ओरडायचं, कोणत्याही भाषेत चालतं. एकदा मी पाठीवर फुगलेली सॅक घेऊन चढत होते, वरून एक मोठा ग्रुप आला, मी वळून जागा द्यायला गेले आणि सॅक भिंत आणि खांबाच्या मधे अशी काही बसली की मी ना वर ना खाली. मागे सात-आठ जण, पुढे पंधरा. शेवटी एका आजोबांनी सॅकचा पट्टा खांद्यावरून काढला तेव्हा सुटले. तेव्हापासून सॅक पोटावर.

आणि तो गोल जिना घड्याळाच्या काट्यासारखा का वळतो याची तलवारीवाली गोष्ट तुम्हाला कोणीतरी सांगेलच, की खालून येणाऱ्या शत्रूचा उजवा हात अडावा म्हणून. किल्ल्यांच्या बाबतीतसुद्धा अभ्यासक त्यावर शंका घेतात, आणि घंटामनोऱ्यात कोण कशाला तलवार काढतोय.

उंचीची भीती वाटते, जाऊ का?

आधी भीती नक्की कोणती ते बघा. उंचीची असेल तर बरेच मनोरे वाटतात त्यापेक्षा सोपे, कारण दगडी जिना चारी बाजूंनी बंद असतो, वर कंबरेच्या वर कठडा आणि त्यावर जाळी. भिंतीला पाठ लावून उभे राहा, आधी लांब क्षितिजाकडे बघा, खाली नंतर. खरा त्रास होतो तो मधे पोकळी असलेल्या मनोऱ्यात, जिथे जिना आतल्या भिंतीला धरून लाकडी किंवा लोखंडी असतो आणि पायऱ्यांच्या फटीतून तळ दिसतो.

बंद जागेची भीती असेल तर गोष्ट वेगळी. अरुंद जिना, मागेपुढे माणसं, मधूनच तळहाताएवढी खिडकी, आणि मधेच परत फिरणं म्हणजे मागच्या सगळ्यांना फिरवणं. अशा माणसाने सकाळच्या पहिल्या वेळेला जावं, किंवा सरळ रॅम्पवाला किंवा लिफ्टवाला मनोरा निवडावा.

वर असताना घंटा वाजली तर? बहिरे होतो का?

बहिरे होत नाही हो, पण हसण्यावारीही नेऊ नका. बघा, आपण ज्याला व्ह्यू पॉइंट म्हणतो ती जागा मुळात बघायला बांधलेलीच नव्हती, ती ऐकवायला बांधली होती. अख्ख्या शहराला पोचेल एवढा आवाज जिथून निघतो तिथे आपण तिकीट काढून स्वतःहून जाऊन उभे राहतो.

मी पहिल्यांदा हा धडा घेतला तो दुपारी बाराला. घंटांच्या खोलीत मी एकटीच, एका मोठ्या घंटेवरची अक्षरं वाचायला नाक तिच्यापासून हातभर अंतरावर. खालून कुठूनतरी घड्याळाच्या यंत्रातून खट्ट असा आवाज आला, मला वाटलं कोणीतरी दार लावलं. थोड्या वेळाने एक तार ताणली गेली, घंटेच्या बाहेर असलेला हातोडा जांभई दिल्यासारखा हळूच मागे गेला, आणि मी अजून विचारच करतेय की हे काय, तोवर पडला. कानाला काय झालं ते नंतर कळलं, आधी कळलं ते बरगड्यांना. हात रेलिंगवर होता, ते रेलिंग मधमाशीसारखं गुणगुणत होतं. बाराचे बारा टोल झाले. पळायला जागा नव्हती कारण जिना घंटेच्या पलीकडे. संध्याकाळपर्यंत कानात शिट्टी.

तो आधीचा खट्ट म्हणजे घड्याळाची पूर्वसूचना. बऱ्याच जुन्या टोलवाल्या घड्याळांत तास पडायच्या काही मिनिटं आधी यंत्र टोल द्यायला सज्ज होतं आणि तेव्हा तो आवाज येतो. तो ऐकू आला की कान झाकायच्या तयारीला लागा.

तर लक्षात ठेवायचं ते असं. टोल देणं वेगळं आणि घंटा हेलकावे घेऊन वाजणं वेगळं. टोलाला घंटा जागची हलत नाही, हातोडा मारतो. पण पूजेच्या किंवा सणाच्या वेळी अख्खी घंटा झोके घेते, लोलक आतून आपटतो, आणि टनावारी वजन इकडून तिकडे गेलं की मनोरासुद्धा किंचित डोलतो. पायाखाली जाणवतं ते, घाबरायचं नाही, बांधणाऱ्याने ते धरूनच बांधलेलं असतं. कलोनची सेंट पीटर घंटा २४ टनांची आहे, १९२३ ची, ती मोजक्या मोठ्या दिवसांनाच वाजवतात. ब्रूजला ४७ घंटांचं कॅरिलॉन, म्हणजे धून वाजवायला वेगवेगळ्या सुरांत लावलेल्या घंटांचा संच, आहे, दर पाव तासाला धून वाजते, कारण खाली एक प्रचंड मोठा ढोल फिरतो आणि त्यावरचे खिळे तारा ओढतात, आपल्या खेळण्यातल्या म्युझिक बॉक्ससारखं, फक्त हा १७४८ चा आणि खोलीएवढा. तो ढोल फिरताना बघायला मिळावा म्हणून मी वरच्या व्ह्यूमधली दहा मिनिटं आनंदाने सोडेन.

इअरप्लग खिशात ठेवा, फोमचे साधे. लहान मुलं बरोबर असतील तर कानावर लावायचे हेडफोनसारखे मिळतात ते घ्या. आणि घंटेला हात लावू नका, डोकं आत घालू नका, बहुतेक ठिकाणी आता मोटर आहे आणि ती तुम्हाला विचारून सुरू होत नाही.

पण घंटा एवढ्या वर टांगायच्याच कशाला?

आवाज घरांच्या छपरांवरून पुढे जावा म्हणून. खाली वाजवली तर पहिल्या दोन गल्ल्यांतच भिंतींना आपटून संपेल. घंटांच्या मजल्याला मोठ्या कमानी किंवा तिरप्या फळ्यांच्या खिडक्या असतात त्या याचसाठी, आवाज बाहेर आणि खाली जावा, पाऊस आत येऊ नये. ब्रूजसारख्या शहरात कामाची वेळ, वेशीची दारं, आग, धोका, सगळं घंटेवर चालायचं. बेल्जियम आणि फ्रान्समधले असे बेलफ्री युनेस्कोच्या यादीत आहेत ते म्हणूनच, ते चर्चच्या नाही तर शहराच्या सत्तेची खूण होते.

आणि वर पहारेकरी बसायचा. तोच आपला पहिला व्ह्यू बघणारा म्हणा, पण बिचारा धूर शोधत असायचा. पोलंडमध्ये क्राकोला सेंट मेरी चर्चच्या उंच मनोऱ्यावरून अजूनही दर तासाला तुतारी वाजते, चारी दिशांना, आणि धून मधेच तुटते. तातारांच्या हल्ल्यात वाजवणाऱ्याच्या गळ्यात बाण लागला म्हणून तिथेच थांबवतात अशी दंतकथा आहे. वाजवणारे अग्निशमन दलातले असतात, म्हणजे जुनी नोकरी अजून त्याच घरात आहे.

एका शहरात दोन-तीन मनोरे आहेत, कुठला चढू?

ज्याच्यासाठी ते शहर प्रसिद्ध आहे त्याच्यावर चढू नका, त्याच्या समोरच्यावर चढा. पायाखालची वास्तू फोटोत येत नाही हो. फ्लॉरेन्सला कॅथेड्रलवरच्या, ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या घुमटावर ४६३ पायऱ्या चढून गेलात तर सगळं दिसतं, फक्त घुमट सोडून. शेजारच्या कॅम्पनिलेवर गेलात तर तो लाल घुमट समोर एवढा मोठा येतो की त्याच्यावर चढलेली माणसं हात हलवताना दिसतात. घुमटाच्या आतली गंमत वेगळी, भिंतींच्या दुहेरी कवचामधून जाता येतं, ते मान्य. पण फक्त एकच करायचं असेल आणि व्ह्यू हवा असेल तर माझं मत कॅम्पनिलेला.

आणखी एक मजा. जोत्तोने हा कॅम्पनिले १३३४ मध्ये सुरू केला आणि १३३७ मध्ये जोत्तो वारला, तेव्हा खालचा भागच झाला होता. पुढे काम आंद्रेआ पिसानोने, मग फ्रांचेस्को तालेंतीने हातात घेतलं, आणि १३५९ मध्ये पूर्ण. जोत्तोच्या मनात वर टोकदार कळस होता, तालेंतीने तो गाळला आणि सपाट गच्ची केली. म्हणजे आपण आज जिथे उभे राहून फोटो काढतो ती गच्ची एका बदललेल्या प्लॅनमुळे मिळाली आहे. आणि तालेंती वर उभा राहिला असेल तेव्हा समोर घुमट नव्हताच, कॅथेड्रलचं काम चालू होतं, घुमट पुरा व्हायला १४३६ उजाडलं.

वरून किती लांबचं दिसतं?

समोर सपाट जमीन किंवा समुद्र असेल तर सोपा हिशोब आहे, उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा, तेवढे किलोमीटर लांब क्षितिज. ८० मीटरवरून साधारण ३२ किलोमीटर, १०० मीटरवरून ३५-३६. उंची दुप्पट केली म्हणून अंतर दुप्पट होत नाही. व्हेनिसच्या मनोऱ्यावर २१ ऑगस्ट १६०९ ला गॅलिलिओ शहरातल्या बड्या लोकांना घेऊन चढला होता आणि त्यांना त्याची दुर्बीण दाखवली, नुसत्या डोळ्यांनी दिसायच्या दोन तास आधी जहाज दिसतं हा त्याचा मुद्दा होता. व्यापाऱ्यांच्या गावात यापेक्षा चांगली जाहिरात काय असणार. त्या म्हाताऱ्यांनाही तेव्हा चढायलाच लागलं होतं, लिफ्ट नंतरची.

पण खरं सांगू, लांबचं धूसरच असतं. जुन्या मनोऱ्याची मजा ५० ते १०० मीटरच्या मधे आहे, कारण तिथून खालची माणसं मुंग्या होत नाहीत. कोण कोणाची वाट बघतंय ते कळतं, छत्री उघडताना दिसते, छपरावरची मांजर दिसते. काचेच्या गगनचुंबी बिल्डिंगवरून नकाशा दिसतो, इथून गाव दिसतं.

कुठल्या वेळेला जावं?

सकाळी पहिल्या बॅचला गर्दी कमी आणि हवा स्वच्छ. पाऊस पडून गेल्यावरचा तास सगळ्यात भारी, धूळ खाली बसलेली असते. संध्याकाळी लांब सावल्या पडतात आणि रस्त्यांची रचना उठून दिसते, तुमच्या मनोऱ्याचीच सावली छपरांवर घड्याळाच्या काट्यासारखी सरकते. भर दुपारी सगळं सपाट दिसतं. आधी ठरवा कुठली गोष्ट बघायचीय, मग सूर्य तुमच्या पाठीशी असेल अशी वेळ धरा, सकाळी पश्चिमेकडचं, संध्याकाळी पूर्वेकडचं.

शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या बराच आधी असतो हे लोक विसरतात. आणि ऑनलाइन स्लॉट असेल तर स्लॉटची वेळ आणि घंटेची वेळ जुळवून बघा, कान वाचवायचे असोत की मुद्दाम ऐकायचं असो.

फोटोसाठी काही टिप?

जाळी असते. मोबाइलची लेन्स जाळीच्या भोकाला चिकटवा, काम होतं. मोठा कॅमेरा असेल तर लेन्स जाळीच्या अगदी जवळ न्या, जाळी पुसट होऊन गायब होते. ट्रायपॉड बहुतेक ठिकाणी चालत नाही. मोबाइलला मनगटाचा दोर लावा, खाली माणसं असतात.

पावसात, विजा चमकताना चढलं तर चालेल का?

अजिबात नाही. खराब हवेत बरेच मनोरे बंदच ठेवतात, तेव्हा वाद घालू नका. गावातली सगळ्यात उंच गोष्ट आणि तिच्यात धातूची घंटा. ब्रूजचा लाकडी कळस आगीत गेला, परत बांधला, १७४१ ला परत जळाला, म्हणून आज त्याचं डोकं सपाट आहे.

आणि यातला क्रूर भाग ऐका. युरोपात पूर्वी अशी समजूत होती की घंटा वाजवली की वादळ फुटतं. जुन्या घंटांवर लॅटिनमध्ये कोरलेलं असतं, मी जिवंतांना बोलावते, मेलेल्यांसाठी रडते, विजा फोडते. म्हणजे विजा चमकायला लागल्या की एका माणसाने जाऊन ओला दोर धरायचा. १७८४ साली म्युनिकमध्ये छापलेल्या एका हिशोबात ३३ वर्षांत ३८६ चर्चच्या मनोऱ्यांवर वीज पडून १०३ घंटा वाजवणारे मेल्याची नोंद आहे. पुढे ठिकठिकाणी त्यावर बंदी आली.

एवढे जुने मनोरे, पडत नाहीत ना?

पडलाय की. व्हेनिसचा, १४ जुलै १९०२, सकाळी. आधी काही दिवस भिंतीला भेग दिसत होती, ती वाढत गेली, चौक रिकामा केला आणि तो जागच्या जागी खाली बसला. माणूस एकही गेला नाही, राखणदाराची मांजर तेवढी गेली म्हणतात. मग त्यांनी ठरवलं की जसा होता तसा, जिथे होता तिथे, आणि २५ एप्रिल १९१२ ला नवा उभा. म्हणजे तुम्ही आज चढता, सॉरी, लिफ्टने जाता तो शंभरएक वर्षांचा आहे. जुन्या घंटांपैकी एकच वाचली, सगळ्यात मोठी, मारांगोना.

उत्रेख्तला उलट झालं. १६७४ च्या वादळात चर्चचा मधला भाग कोसळला आणि मनोरा राहिला, आज तो आणि उरलेलं चर्च यांच्यामध्ये मोकळा चौक आहे. ब्रूजचा साधारण ८७ सेंटीमीटर कललेला आहे, खालून नीट बघितलं तरच लक्षात येतं.

पिसाचा झुकता मनोरा हासुद्धा घंटामनोराच, सात घंटा आहेत, हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं. १९९० मध्ये बंद केला होता, २००१ मध्ये उघडला, मधल्या काळात उंच बाजूची माती थोडी थोडी काढून कल कमी केला. चढताना गंमत होते, एका वळणात भिंत तुम्हाला आपल्याकडे ओढते, पुढच्या अर्ध्या वळणात ढकलून देते, दारू न पिता झिंगल्यासारखं. झिजसुद्धा पायरीच्या मधोमध नाही, कलाप्रमाणे डावी-उजवीकडे सरकत जाते.

लहान मुलांना नेऊ का?

वयाची अट बघा, पिसाला आठ वर्षांखालच्यांना सोडत नाहीत. चालणारं मूल मोजत मोजत आपल्यापेक्षा आधी वर पोचतं. कडेवरचं मूल नेऊ नका, गोल जिन्यात तुम्हाला दोन्ही हात लागतात.

बरोबर काय घ्यावं?

रबरी तळव्याचे बूट, पाण्याची छोटी बाटली, पातळ जॅकेट कारण घामेजून वर पोचता आणि वाऱ्याने गारठता, इअरप्लग. बाकी सगळं खाली. आणि हो, वर बाथरूम नसतं. हे वाक्य परत वाचा.

चढताना वाटेत बघण्यासारखं काही असतं की नुसतं चढायचं?

लोक मान खाली घालून पायऱ्या मोजत जातात आणि निम्मा मनोरा बघतच नाहीत. घंटा ज्या लाकडी सांगाड्याला टांगलेल्या असतात तो नीट बघा, वासे खिळ्यांनी नाही तर खाचेत खाच बसवून जोडलेले असतात आणि जोडाशी सुतारांनी आकडे कोरलेले असतात, आधी खाली जुळवून मग सुटं करून वर नेलं त्याच्या खुणा. भिंतीवर जुनी नावं-सालं कोरलेली दिसतात, आपणही तेच करावं असा त्याचा अर्थ नाही. घंटेच्या काठावर आतून बघा, लोलक आपटून आपटून जिथे चकाकी आलीय ती जागा दिसते, कधीकधी घंटा फिरवून परत टांगलेली असते, तेव्हा जुन्या माराची जागाही दिसते. ब्रूजला दुसऱ्या मजल्यावर शहराचे हक्काचे कागद ठेवायची खोली आहे, जाड लोखंडी दारांची, तिथे थांबा, दमलेले नसलात तरी.

फक्त युरोपातच असतात का असे?

नाही हो. चीनमध्ये शिआनचा बेल टॉवर १३८४ चा, आणि १५८२ मध्ये तो सुटा करून आजच्या चौकात हलवला. बीजिंगच्या बेल टॉवरमध्ये सुमारे ६३ टनांची घंटा आहे आणि जिना एवढा खडा की जवळजवळ शिडीच. तिथला हिशोब वेगळा, घंटा आणि नगारा अशी जोडी, समोर ड्रम टॉवर. उंची युरोपातल्यांपेक्षा कमी, पण शहर सरळ रेषेत आखलेलं असल्यामुळे थोड्या उंचीवरूनही रचना लख्ख कळते.

वर पोचल्यावर सगळं सारखंच दिसतं, ओळखायचं कसं?

आधी एक चक्कर पूर्ण मारा, फोटो न काढता. कठड्यावर दिशा दाखवणारी पट्टी असते बऱ्याच ठिकाणी, ती वाचा. मग नदी शोधा, मग स्टेशन, मग ज्या रस्त्याने चालत आलात तो. तो एकदा सापडला की बोटाने उलटं मागे मागे जात तुम्ही उतरलाय ते घर शोधा, याला वेळ लागतो आणि हा माझा सगळ्यात आवडता खेळ आहे. गेल्या वेळी मला वीस मिनिटं लागली, सगळी छपरं एकाच रंगाची, शेवटी खिडकीत वाळत घातलेला माझाच पिवळा टॉवेल दिसला, आणि तो एका क्लिपवर लोंबत होता, म्हणून मग घाईने खाली उतरले.